डेल ऑप्टिप्लेक्स ३०६० मायक्रो (जुना): गावातल्या टेबलावर कसा चालतो

कापसाचे पैसे हाती आले की नागपूर, अमरावती, अकोल्याच्या कॉम्प्युटर दुकानांत गावाकडची माणसे दिसू लागतात. कोणाला पोरीच्या अभ्यासासाठी मशीन हवी असते, कोणाला सेवा केंद्र टाकायचे असते, कोणाला कृषी केंद्राची बिले काढायची असतात. दुकानदार समोर ठेवतो तो रंगीत दिवे लावलेला मोठा टॉवर, किंवा हप्त्यावरचा नवा स्वस्त लॅपटॉप. आणखी एक वस्तू मागच्या फळीवर पडलेली असते, ती मागितल्याशिवाय कोणी दाखवत नाही. कंपन्यांच्या ऑफिसांतून लीज संपून आलेला, साधारण १८ सेंटिमीटर लांब-रुंद आणि साडेतीन सेंटिमीटर जाडीचा काळा डबा. डेल ऑप्टिप्लेक्स ३०६० मायक्रो. एचपीचा प्रोडेस्क ४०० जी४ मिनी आणि लेनोवोचा थिंकसेंटर एम७२०क्यू हे त्याचेच भाऊबंद. पुढचे बरेचसे त्यांनाही लागू आहे.

यंत्र म्हणून डबा चांगलाच आहे. गावात तो बिघडतो तो बाहेरच्या गोष्टींमुळे: ॲडाप्टर, लाईन, कूलर, आणि घेताना केलेला पैशाचा हिशोब. म्हणून या परीक्षणात डब्याला जागा कमी आणि या चौघांना जास्त.

आत काय असते ते पाहू. साधारणपणे आय५-८५००टी हा प्रोसेसर: ६ कोअर, वेग २.१ ते ३.५ गिगाहर्ट्झ, ३५ वॉटचा. लॅपटॉपला लागतो तसला छोटा डीडीआर४ रॅम, त्याच्या दोन जागा. एनव्हीएमई एसएसडीची (बोर्डावर बसणाऱ्या पट्टीसारख्या वेगवान डिस्कची) एक जागा आणि अडीच इंची डिस्कची एक. समोर दोन आणि मागे चार यूएसबी. सेवा केंद्रात कीबोर्ड, माऊस, प्रिंटर, अंगठ्याचे यंत्र, वेबकॅम आणि डिजिटल सहीचा डोंगल लावला की सहाही भरतात, पेनड्राइव्हला जागा उरत नाही. डीव्हीडी ड्राइव्ह नाही. वाय-फाय प्रत्येकात नसते, कार्ड आणि अँटेना आहे का ते विचारून घ्या. नसेल तरी अडत नाही, मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग चालू केले की नेट मिळते.

८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी याच्या खाली जाऊ नका. "रॅम नंतर वाढवू" हा विचार सध्या महाग पडतो, कारण २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चढले आहेत. घेतानाच १६ जीबी बसवून मिळत असेल तर तेवढ्यावर घासाघीस करा.

आता "आय७" चे स्टिकर. पुढचा आकडा मोठा म्हणजे मशीन मोठी, हा समज या बाजारात सगळ्यात महाग पडतो. पाहायचा तो डॅशनंतरचा आकडा. आय७-४७७० म्हणजे चौथी पिढी, २०१३ सालचा प्रोसेसर, ८४ वॉटचा. आय५-८५००टी म्हणजे आठवी पिढी. रोजच्या कामात दोघे जवळपास सारखेच, पण विजेत आणि उष्णतेत जमीन-अस्मानाचा फरक. शिवाय विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे अधिकृतपणे चालते. सहाव्या-सातव्या पिढीच्या मशीनवर दुकानदार "११ टाकून देतो" म्हणतो. तेही खोटे नाही, अट चुकवून ते बसते, पण पुढची अपडेट मिळत राहतील याची हमी कोणी देत नाही. बँकेची आणि आधारची कामे ज्या मशीनवर होणार तिथे दोन-तीन हजार वाचवण्यासाठी हा जुगार नको. म्हणूनच ३०५०, म्हणजे याच्या आधीचे सहाव्या-सातव्या पिढीचे मॉडेल, नाही, ३०६०. दिसायला दोन्ही सारखेच असतात, तेव्हा नंबर वाचून घ्या.

दुकानात अर्धा तास काढा

मशीन सुरू होताच एफ२ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या मूळ सेटिंगमध्ये, जा. पासवर्ड मागितला तर तिथेच थांबा: आधीच्या कंपनीने टाकलेला पासवर्ड कोणी काढलेला नाही. तिथे दिसणारा सात अक्षरांचा सर्व्हिस टॅग डब्यावरच्या स्टिकरशी जुळला पाहिजे. तोच टॅग डेलच्या साइटवर टाकला की मशीन मुळात कशी होती आणि डेलकडून कधी निघाली ते कळते. मग पुन्हा सुरू करून एफ१२, त्यात डायग्नोस्टिक्स. पंखा, मेमरी, डिस्क सगळे ते स्वतः तपासते.

एसएसडीसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचे सॉफ्टवेअर चालवा. आरोग्याचे टक्के, चाललेले तास, एकूण लिहिलेला डेटा हे तीन आकडे पाहा. आरोग्य ८० टक्क्यांच्या खाली असेल तर एसएसडी बदलून मागा किंवा तेवढे पैसे कमी करा.

विंडोज खरे आहे का, याची एक साधी चाचणी आहे. रन उघडून एसएलएमजीआर, मग मोकळी जागा, तिरकी रेघ आणि एक्सपीआर एवढे टाइप करा. कायमचे ॲक्टिव्हेट असल्याचे दिसले तर ठीक. पुढे एखादी तारीख, बहुतेक वेळा सहा महिन्यांच्या आतली, दाखवली तर ते चोरीच्या युक्तीने उघडलेले आहे. गंमत म्हणजे ऑफिसातून आलेल्या बहुतेक डब्यांच्या बायोसमध्येच विंडोज प्रोची मूळ किल्ली असते. विंडोज नीट नव्याने टाकले तर ती आपोआप लागते. दुकानदाराने आळसाने जुनीच इमेज, म्हणजे विंडोजची तयार नक्कल, सगळ्या मशीनवर ओतलेली असते, एवढेच.

ॲडाप्टर मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा. हा डबा १९.५ व्होल्ट, ६५ वॉटच्या ॲडाप्टरवर चालतो आणि पिनच्या मधल्या बारीक काडीतून तो ॲडाप्टर ओळखतो. बाजारातला नकली ॲडाप्टर लावला तर सुरू होताना "ॲडाप्टर ओळखता येत नाही" अशा अर्थाचा इशारा येतो. एक बटण दाबले की मशीन पुढे चालूही होते, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. पण मग प्रोसेसर स्वतःला आखडून घेतो आणि एक साधा पीडीएफ उघडायला मिनिट लागते. "जुना आहे म्हणून हळू आहे" असा बोल लागलेल्या कितीतरी मशीन नुसत्या ॲडाप्टर बदलल्यावर धावायला लागतात.

आणखी एक बारकी गोष्ट: सीआर२०३२ ही नाण्यासारखी बॅटरी. ती संपली की लाईन जाऊन आली की तारीख मागे जाते, आणि तारीख चुकली की बँकेची, जीएसटीची, सरकारी पोर्टलची पाने "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणत अडतात. नेट आणि साइटला शिव्या घालण्याआधी खाली उजव्या कोपऱ्यातली तारीख वाचा.

लाईन

बहुतेक लोक कमी व्होल्टेजला घाबरून स्टॅबिलायझर घेतात. या डब्याला कमी व्होल्टेजचे काही वाटत नाही, त्याचा ॲडाप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतो आणि आजचे बरेच मॉनिटरही. संध्याकाळी गावात १६० व्होल्ट आले तरी हा चालूच असतो. मारते ते जास्त व्होल्टेज. डीपीवरचा न्यूट्रल सैल झाला किंवा तुटला की सिंगल फेजच्या घरात २३० ऐवजी ४०० च्या जवळ व्होल्टेज येऊ शकते, आणि एकाच वेळी अख्ख्या आळीतले पंखे, टीव्ही, ॲडाप्टर जातात. दीडशे-दोनशेचा स्पाइक गार्ड इथे कामाचा नाही. तो क्षणभराचा झटका झेलतो, मिनिटभर टिकलेले ४०० व्होल्ट नाही. मीटरनंतरच्या एमसीबीच्या डब्यात ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून घ्या. वरची मर्यादा २७० च्या आसपास ठेवली की त्यापुढे तो लाईन तोडतो आणि व्होल्टेज नीट झाले की स्वतःच जोडतो. कॉम्प्युटरच नाही, फ्रिजही वाचतो.

अर्थिंगची चाचणी मल्टिमीटरने करा. फेज आणि अर्थ यांत साधारण २३०, न्यूट्रल आणि अर्थ यांत एक-दोन व्होल्टच दिसायला हवेत. फेज-अर्थमध्ये १०० च्या आसपास काहीतरी डगमगते दिसले तर तिसरी पिन नुसती शोभेची आहे. मग डब्याच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात. "करंट मारतो" म्हणून मशीन परत नेली जाते, आणि दुकानात, जिथे अर्थिंग आहे, ती निमूट चालते.

यूपीएसबद्दल. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॉट नव्हे, या वर्गातल्या यूपीएसवर साधारण ३६० वॉट समजा. पण खरा प्रश्न किती वॉट हा नाहीच, किती वेळ हा आहे, आणि वेळ ठरते बॅटरीवरून. आतली बॅटरी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तास: गुणाकार ८४ वॉट-तास. त्यातले नुकसान वजा जाता ५० च्या आसपास हाती लागतात. डबा २० वॉट, मॉनिटर २०, राउटर १०, असा ५० वॉटचा भार धरला तर नव्या बॅटरीवर पाऊण तास सहज मिळतो. जुना टॉवर याच यूपीएसवर पंधरा-वीस मिनिटांत मान टाकतो. डब्याचा सगळ्यात मोठा फायदा मला विचाराल तर हाच.

बॅटरीला उन्हाळा सोसत नाही. शिशाच्या बॅटरीचे आयुष्य २५ अंशांच्या वर दर १० अंशांना साधारण निम्मे होते, असा ठोकताळा आहे, आणि आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखालची खोली किती तापते हे सांगायला नको. दोन वर्षांनी बॅकअप गेला तर यूपीएस भंगारात देऊ नका, तीच १२ व्होल्ट ७ अँपिअरची बॅटरी आणून बदला. लाल तार लालला, काळी काळीला. जुनी बॅटरी दुकानदाराला परत द्या, तिचे पैसे वळते होतात.

लेझर प्रिंटर यूपीएसवर कधीही लावू नका. कागद तापवताना तो क्षणभर कित्येकशे वॉट ओढतो, यूपीएस किंचाळून बंद पडतो आणि अर्धा भरलेला फॉर्म जातो. इंक टँक चालतो. घरी साइन वेव्ह इन्व्हर्टर असेल तर वेगळ्या यूपीएसची गरजच नाही, फक्त मागचे बटण "यूपीएस" मोडवर ठेवा. दुसऱ्या मोडवर लाईन जाताना बदलायला वेळ लागतो आणि मशीन रीस्टार्ट होते. अवकाळीत वीज कडाडू लागली की मात्र बोर्डातून पिनच काढा, राउटरचीसुद्धा. फायबरच्या काचेतून करंट येत नाही, ॲडाप्टरमधून येतो.

ऊन, कूलर, कापूस

अशा ऑफिस मशीन ३५ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेल्या असतात. ४५ अंशांत हा डबा बंद पडत नाही, प्रोसेसर वेग कमी करून स्वतःला सांभाळतो, आणि पंखा ओरडतो. टेबल पश्चिमेच्या भिंतीला लावू नका, ती रात्री दहापर्यंत गरम असते. डबा उभा ठेवा, चारही बाजूंनी चार बोटे मोकळी जागा. कपाटाच्या कप्प्यात तर मुळीच नको.

मग लोक कूलर डब्यावर सोडतात. गार हवा मिळते, पण ती ओली असते, आणि खारपाणपट्ट्यात, म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातल्या अकोला, बुलडाणा, अमरावतीच्या गावांत, कूलरच्या पाण्यातच मीठ असते. ताट्यांवर जो पांढरा थर जमतो तोच बारीक तुषारांबरोबर यूएसबीच्या पोर्टांत आणि रॅमच्या पट्टीवर जातो. हिरवट गंज दिसला तर कारण हेच. कूलर माणसावर सोडा, डबा त्याच्या झोताबाहेर ठेवा. आणि कूलरची पिन कॉम्प्युटरच्या एक्स्टेन्शन बोर्डात नको.

दिवाळीनंतर भावाची वाट पाहत कापूस घरातच भरून ठेवलेला असतो. त्याचे बारीक तंतू या डब्याच्या पंख्यामागच्या जाळीत नमद्यासारखे बसतात. उलंगवाडी झाली, म्हणजे कापसाचा हंगाम संपला, की डबा एकदा उघडाच. मागचा एकच स्क्रू हाताने सैल करायचा, झाकण पुढे सरकवून काढायचे, पंख्याच्या पात्यात काडी अडकवून तो फिरू न देता ब्लोअर मारायचा. पंखा भन्नाट फिरू दिला तर बेअरिंग जाते. पंक्चरच्या दुकानातली हवा वापरू नका, त्या टाकीत पाणी असते. तीन-चार वर्षे जुन्या मशीनला थर्मल पेस्टही बदला: जुनी पुसून मुगाच्या दाण्याएवढी नवी. तुरीएवढी नको.

टेबल-खुर्चीवर फार बोलत नाही. मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत येईल इतके उंच करा, दोन विटा पुरतात. जुना मॉनिटर फक्त व्हीजीएचा असेल तर एचडीएमआय ते व्हीजीए असा कन्व्हर्टर लागतो, आणि तो उलट्या दिशेने चालत नाही.

पैशाचे गैरसमज

विजेपासून सुरुवात. "कॉम्प्युटर लावला की १०० युनिटांच्या वर जातो आणि सगळे बिल महाग दराने लागते." असे नाही. घरगुती वीज आकार टप्प्याटप्प्याने लागतो: पहिल्या १०० युनिटांना त्यांचाच दर, वरच्या युनिटांना वरचा. डबा आणि मॉनिटर मिळून ४० वॉट, रोज ८ तास, महिन्याला साडेनऊ युनिट. जुना टॉवर मॉनिटरसह ११० वॉट धरला तर सव्वीस. आणि हो, टॉवरच्या एसएमपीएसवर (आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्यावर) ४५० वॉट लिहिलेले असते ती त्याची ताकद, रोजचा खर्च नव्हे.

हप्ता. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच स्पष्ट केले होते की शून्य टक्के व्याज असे काही नसते, ते कुठेतरी मिसळलेले असते. २०,००० च्या वस्तूला क्रेडिट कार्डावर ६ महिन्यांचा "नो कॉस्ट" हप्ता घेतला आणि कार्डाचा दर समजा १५ टक्के, तर व्याज होते साधारण ८४७ रुपये. तेवढी सूट आधी मिळते म्हणून ते दिसत नाही. पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५२ रुपये, खिशातून जातात. १९९ रुपये प्रोसेसिंग फी असेल तर ती करासह २३५. झाले ३८७. वर रोखीने मिळाली असती ती सूट गेली ती वेगळीच.

फायनान्सवाल्याचा "वर्षाला फक्त १२ टक्के, फ्लॅट" याहून फसवा. २०,००० वर २,४०० व्याज, बारा हप्ते १,८६७ रुपयांचे. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण २०,००० वरच मोजले आहे. घटत्या शिलकीवर मांडले तर हा दर साडेएकवीस टक्क्यांच्या जवळ जातो. १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा कर्जांना केएफएस नावाचा कागद देणे बंधनकारक आहे. त्यातला एपीआर, म्हणजे सगळे खर्च धरून पडणारा वर्षाचा दर, हा एकच आकडा वाचा, बाकीचे बोलणे सोडा.

त्याहून मोठी अडचण व्याजाची नाहीच. कास्तकाराची आवक वर्षातून दोनदा आणि हप्ता दर महिन्याला. जानेवारीत घेतलेल्या मशीनचे हप्ते जून-जुलैत, बियाणे-खताच्या तोंडावर येतात. खात्यात पैसे नसले की बँकेचाही दंड आणि कर्ज देणाऱ्याचाही, वर कर्जफेडीच्या नोंदीवर (सिबिलवर) डाग, आणि पुढचे पीककर्ज मागताना तीच नोंद समोर येते. पैसे आले तेव्हाच रोखीने घेता येत नसेल तर कापूस विकेपर्यंत मशीन थांबू शकते.

"मग पीककर्जातून घेऊ, ते तर बिनव्याजी आहे." डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज शून्य टक्क्याने पडते हे खरे, पण मुदतीत फेडले तर. कॉम्प्युटरमध्ये अडकलेले १८,००० मुदतीच्या दिवशी कमी पडले की सवलत हुकते.

करातून वजावट. व्यवसायाची वहीखाते ठेवणाऱ्याला कॉम्प्युटरवर ४० टक्के घसारा, म्हणजे वस्तू जुनी होत जाते त्याची दर वर्षीची वजावट, मिळतो. पूर्ण किंमत पहिल्या वर्षी नव्हे. त्यातही त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर निम्मा, २० टक्के. म्हणजे आपल्या हंगामात, डिसेंबर ते मार्चमध्ये, घेतलेल्या सगळ्या मशीनला निम्माच. १८,००० च्या डब्यावर पूर्ण घसारा ७,२००, तो उत्पन्नातून वजा होतो, करातून नाही. ५ टक्के दराने धरले तर उपकरासह हे होतात पावणेचारशे रुपये, आणि त्या टप्प्यातल्या माणसाला रिबेटमुळे बहुधा करच भरावा लागत नाही, म्हणजे वाचत तेवढेही नाही. यासाठी मार्चअखेर धावत जाऊन काही घेण्यात अर्थ नाही.

"२२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी उतरला, मग कॉम्प्युटर स्वस्त का नाही?" कारण कॉम्प्युटर आधीही १८ टक्क्यांत होता आणि आताही आहे. शिशाच्या बॅटऱ्या मात्र २८ वरून १८ वर आल्या. यूपीएसची बॅटरी घेताना भाव विचारा.

शेवटी बिल. "बिलाशिवाय १६,०००, बिलासह १८,८८०" असे ऐकले की माणूस २,८८० वाचवून मोकळा होतो. आधी दुकानदार कोणत्या प्रकारचा आहे ते विचारा. कंपोझिशनमधला (छोट्या व्यापाऱ्यांच्या ठोक कराच्या योजनेतला) असेल तर त्याला ग्राहकाकडून जीएसटी घेताच येत नाही. जुन्या मालाचा व्यापारी फक्त आपल्या नफ्याच्या रकमेवर कर भरण्याची पद्धत वापरत असेल, तर वरचा कर पूर्ण १६,००० वर लागत नाही, आणि त्या बिलावर घेणाऱ्याला इनपुट क्रेडिटही, म्हणजे दिलेला कर आपल्या जीएसटीतून वळता करण्याची सोयही, मिळत नाही. पूर्ण १८ टक्के लावलेले बिल घ्यायचेच, तर स्वतःचा जीएसटी नंबर असेल तेव्हा तो त्यावर घालून घ्या, नाहीतर क्रेडिट मिळणार नाही. कोणतेही बिल असो, त्यावर नुसते "कॉम्प्युटर १ नग" चालणार नाही. सर्व्हिस टॅगची सात अक्षरे, रॅम किती, एसएसडी किती, वॉरंटीचे महिने, आणि "मूळ ६५ वॉट ॲडाप्टरसह" हे शब्द दुकानदाराच्या हाताने लिहून घ्या.